साळवे मॅडमच्या पायाची तक्रार

“हा पाय माझा नाहीच,” साळवे मॅडम म्हणाल्या आणि पाय काढून त्यांनी सरळ माझ्या टेबलावर ठेवला. “आत खटखट वाजतो. मागच्या वेळी बाहेर ओढत होता, आता पुढं ढकलतोय. दुसऱ्या कुणाचा दिलाय का मला?”

मी चहाचा कप उचलून बाजूला घेतला. पाय त्यांचाच होता. मीच बनवला होता.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवणारा. गारखेड्यात आमचं छोटं सेंटर आहे. पाय कापल्यावर जो भाग उरतो, त्याला आम्ही स्टम्प म्हणतो. त्यावर कडक पेल्यासारखा सॉकेट बसतो. सॉकेटखाली धातूची नळी आणि नळीखाली रबरी पाऊल. सगळा खेळ सॉकेटचा. तो नीट बसला नाही तर खालचं पाऊल कितीही भारी असो, माणूस चालत नाही.

साळवे मॅडम देवगाव रंगारीच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी उभा केलेला. शाळेत जाताना ट्रकनं स्कूटीला धडक दिली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. गुडघा वाचला, हे मोठं नशीब. गुडघा असला की माणूस बराचसा पूर्वीसारखा चालतो. तो गेला की चालणं मुळापासून शिकावं लागतं, दमही फार लागतो.

त्यांना बसवत नसे. खुर्ची दिली तरी कुबड्या घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या. आत बोलावलं की आधी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या होत्या. “मैदानावर मी उभी पाहिजे, सर. खुर्चीवरून खो-खो शिकवता येत नाय.”

मी नळीचा कोन बदलला. पुढच्या खेपेला उंची किंचित कमी केली. सॉकेटमध्ये पॅड घातलं, काढलं, जाड मोजा दिला. प्रत्येक वेळी त्या इथं छान चालायच्या आणि काही दिवसांनी नवीन तक्रार घेऊन यायच्या. मला झोपेतसुद्धा त्यांचं चालणं दिसायला लागलं.

आमचे कुलकर्णी सर, सेंटरचे मालक, एकदा वैतागले. “अरे, पायात काही नाहीये. तिच्या मनानं पाय स्वीकारलेला नाही. काउन्सेलिंगला पाठव.”

“सर, तक्रार दरवेळी वेगळी आहे. मनाची असती तर एकच असती.”

“मग नवीन सॉकेट कर आणि मोकळा हो.”

पण कारण कळल्याशिवाय नवीन सॉकेट करून काय होणार? तोही बिघडला असता.

त्या दिवशी टेबलावर पाय ठेवल्यावर मी आधी स्टम्प बघितला. नडगीच्या टोकाला कातडी सोलली होती. गुडघ्याच्या मागं, जिथं सॉकेटची कड येते, तिथं खोल लाल वळ. कातडी पांढरी, ओलसर, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी. अशी जखम हाडापर्यंत गेली तर सर्जनला पुन्हा कापावं लागू शकतं. आणि दुसऱ्यांदा कापताना गुडघा वाचेलच असं नाही.

“मॅडम, हे कधीपासून?”

“चालल्यावर घासणारच की.”

चालल्यानं एवढं होत नाही. आणि गुडघ्यामागं वळ चालून पडत नाही, गुडघा तासन्‌तास वाकवून ठेवला की पडतो. ही बाई तर बसतच नव्हती. मी नळीवरचं फोमचं आवरण काढलं, ते घोट्याशी फाटलं होतं. घोट्याजवळच्या स्क्रूंमध्ये काहीतरी गुंतलं होतं. चिमट्यानं ओढलं तर रंगीत दोरे निघाले, लाल, निळे, आणि कापसाचे पुंजके.

मी ते टेबलावर ठेवले. “हे कशाचं आहे?”

मॅडम बघत राहिल्या. त्यांचे मिस्टर भीमराव दाराशी उभे होते. ते सहज म्हणाले, “गोधडीचं असंल. पाय घालूनच, गुडघं दुमडून झोपती की ती. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असंल.”

“तुम्ही गप बसा हो,” मॅडम म्हणाल्या.

शिट्टीची दोरी बोटाला घट्ट आवळली गेली होती.

“हॉस्पिटलातून घरी आले तेव्हाची गोष्ट,” त्या हळू म्हणाल्या. “पहाटे आईनं हाक मारली. मी झोपेत उठले, डावा पाय खाली टाकला. पाय होता, सर. खरंच होता. तळव्याला खाज सुटली होती त्याच्या. आणि मी तोंडावर पडले. टाके उसवले. तेव्हापासून झोपायची भीती बसली. हा पाय आल्यावर वाटलं, घालूनच झोपावं. उठले तर खाली काहीतरी असंल.”

आमच्या धंद्यात याला फँटम म्हणतात. पाय गेलेला असतो, पण मेंदू तो आहे असंच धरून चालतो. तो खाजतो, दुखतो, बोटंसुद्धा हलतात. जागेपणी माणूस स्वतःला समजावतो. झोपेत कोण समजावणार?

पण स्टम्पला रात्री हवा लागते, विश्रांती लागते. ती न मिळाल्यानं तो कुठं सुजत होता, कुठं आक्रसत होता. रोज वेगळा आकार, म्हणून रोज वेगळी तक्रार.

“जखम भरेपर्यंत पाय घालायचा नाही,” मी म्हणालो. “दिवसाही नाही.”

“आणि स्पर्धा?”

“कुबड्यांवर.”

“मुलींसमोर? अशी?” त्यांचा आवाज चढला. “पाय माझा आहे. घालायचा का नाय ते मी ठरवीन!”

“पाय तुमचा आहे. गुडघापण तुमचाच आहे.”

त्या कुबड्या घेऊन बाहेर गेल्या. व्हरांड्यात ठक ठक, इकडून तिकडं. भीमराव मागं जायला निघाले, मी त्यांना थांबवलं. बऱ्याच वेळानं त्या दारात आल्या.

“इथंच राहू द्या तो. घरी नेला तर मी घालणार. माझा माझ्यावर भरवसा नाय.”

सर्जनचं ड्रेसिंग सुरू झालं. जखम सुकल्यावर मी त्यांना श्रिंकर दिला, म्हणजे रात्री स्टम्पवर चढवायचा घट्ट इलॅस्टिकचा मोजा. सूज धरत नाही आणि पाय कुठं संपतो ते अंगाला कळत राहतं. भीमरावांनी पलंगाची डावी बाजू भिंतीला लावली आणि उजवीकडं वॉकर आडवा ठेवला. उठायला गेलं की आधी त्याला हात लागतो, हात लागला की जाग येते. त्या पुन्हा पडल्या नाहीत.

स्पर्धेला त्या कुबड्यांवर गेल्या. मुली हरल्या. मी फोनवर हळहळ व्यक्त केली तर म्हणाल्या, “माझ्या पायामुळं नाय हरल्या. खांबाजवळ वळताना लई घाई करतात. सांगून सांगून थकले.”

मग नवीन सॉकेट केला. तो टिकला. गुडघाही राहिला. आता त्या मैदानावर उभ्या राहून शिकवतात. पळत नाहीत, आणि त्याचा राग त्यांना अजून येतो. फँटमची खाजही पूर्ण गेलेली नाही.

आता नवीन पेशंट आला की माप घेण्याआधी मी विचारतो, “रात्री पायाचं काय करता?” बहुतेक जण म्हणतात, “काय करणार? काढून ठेवतो.” मग मी तोच प्रश्न घरच्या माणसाला विचारतो.