सीटखालची तिसरी रेघ

वासुदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सायकल पुसत होते. विकायला. मुलानं गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. "आई, गुडघे बघ तुझे, आता बस झालं," हे त्याचं रोजचंच. आणि फोन कोणाचा, तर ज्यांनी ही सायकल माझ्या मापाची शोधून दिली त्या वासुदेवभाऊंच्या बायकोचा, शांताबाईंचा. "हे गेले, बाई. चहा घेतला अन् बसल्या बसल्या..." हातातलं फडकं तसंच राहिलं.

नर्सची नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक भामरागडकडची. आमच्या घरी चप्पल, स्वेटर, सगळं मोठंच घेत, पुढं कमी पडू नये म्हणून. तशीच दादानं मला चोवीस इंची, दांडीवाली सायकल दिली. मी ही एवढीशी. चढायला दगड, उतरायला दगड, आणि जंगलात नको तिथं शंभर दगड, पाहिजे तिथं एक नाही. नाल्याच्या उतारावर औषधाच्या पेटीसकट तीनदा आपटले. शेवटी सायकल बसच्या टपावर टाकून, नोकरी सोडायचा अर्ज पर्समध्ये घेऊन घरी निघाले... चामोर्शीला उतरून वाकडं हँडल सरळ करायला थांबले, ते भाऊंच्या सायकलच्या दुकानात.

भाऊंनी हँडलला हातच लावला नाही. माझी सोललेली कोपरं पाहिली. "बाई, तुमी पडून नाई राह्यल्या. ही तुमाले पाडून राह्यली." शांताबाईंना हाक मारली आणि स्वतः पाठ फिरवून बसले. बाईंनी मला आत भिंतीशी अनवाणी उभं केलं, टाचेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत सुतळी लावली, गाठ मारली. गाठ पाहून भाऊ म्हणाले, "वीस इंची. सीट वरखाली होते, फ्रेम नाई होत. ते अंगाचीच पाह्यजे."

"अन् ही दादानं दिलेली?"

"दादाले वापस द्या. त्याले तरी पुरते का पाहा."

नव्या सायकलवर दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि मला हसूच फुटलं. भाऊंनी सीट बसवून खालच्या दांड्यावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली, पुढं उंची चुकू नये म्हणून. त्या अर्जाच्या पुडीत मी फुटाणे खाल्ले आणि सगळी नोकरी त्याच सायकलवर केली.

माणूस हट्टी. एका नवरदेवाला उंचच सायकल हवी होती, तर म्हणे, "घोड्यावर एक दिवस बसाचं हाय, हिच्यावर रोज." दिली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर सायकल विकू का म्हणून विचारायला गेले, तर त्यांनी सीट बोटभर खाली घेतली. "उमर झाली का माणूस बी थोडासा खाली बसते." पहिली रेघ नळीत गेली, नवी मारायला ब्रश घेऊन बसले ते बसलेच. एका रेघेला एवढा वेळ? मी बाईंशी गप्पा मारत चहा प्याले. घरी मुलानं पुन्हा तेच टुमणं लावलं, आणि या खेपेला मी हो म्हणून बसले. चुकलंच माझं.

त्या सकाळी फोन ठेवला आणि सीटचं कव्हर धुवायला काढलं. दांड्यावर भाऊंची दुसरी रेघ होती. तिच्या बोटभर वर, कव्हरखाली झाकलेली, आणखी एक. सीट अजून खाली घ्यायची वेळ येईल तेव्हाची... मी अंगणात बसून रडले, रडता रडता हसले. मुलानंच गिऱ्हाईकाला 'विकायची नाही' म्हणून कळवलं. मी सायकल काढली आणि शांताबाईंकडे गेले.

आजही बाजाराला तिच्यावरच जाते. सीट अजून दुसऱ्या रेघेवर आहे. तिसरीला वेळ आहे.