आप्पांच्या घरचा चहा

शेषराव आप्पांच्या ओसरीवर चहा मिळाला की समजावं, आपलं काम झालं नाही. हे मला गावात नर्स म्हणून रुजू झाल्याबरोबर कोणीतरी सांगायला हवं होतं. कोणी सांगितलं नाही. मी आपली गुळाचा दाट चहा बशीत ओतून ओतून प्याले, आप्पांना दोनदा नमस्कार केला आणि तोंडभर हसत उपकेंद्रात परत आले. उपकेंद्रात माझ्या हाताखाली कौसाबाई नावाची मदतनीस होती. गावातल्या प्रत्येक चुलीची तिला खबर. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, च्या पाजला का त्येंनी?"

"हो. फार आग्रह करून पाजला."

"मंग गेलं काम," म्हणत ती झाडू घेऊन बाहेर निघून गेली.

घनसावंगीहून जीपने फाट्यावर उतरायचं आणि पुढे उसाच्या मधून पायी जायचं, असं ते गाव. आप्पा तिथले जुने शेतकरी. ना सरपंच, ना पुढारी. पण त्यांच्या गल्लीत त्यांच्या मानेकडे पाहूनच बाकीच्या माना हलायच्या. चहामागचं त्यांचं म्हणणं त्यांनी मला पुढे एकदा नीट बसवून समजावून दिलं. "हो म्हनलं की मानूस खुशीतच जातो, बाई. त्येला च्या कशाला? न्हाई ऐकून जानाऱ्याचं तोंड कडू होतं. त्येला गोड करून पाठवावं. इज्जतीचा मामला हाये." म्हणून मत मागायला आलेल्यांना चहा. जालन्याहून बियाण्याच्या पिशव्या घेऊन आलेल्या कंपनीच्या माणसाला चहा. जमिनीच्या वाटणीत मध्यस्थी करा म्हणणाऱ्या भाऊबंदांना चहा. एखादा फारच चिकट निघाला तर चहाबरोबर पोहे. पोहे म्हणजे, पुन्हा येऊ नका.

मला पोहे मिळायला फार दिवस लागले नाहीत.

तेव्हा पोलिओच्या डोसची मोहीम जोरात होती. ठरलेल्या रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकायचं, बर्फाची पेटी ठेवायची, पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराच्या तोंडात दोन थेंब टाकायचे आणि करंगळीला शाई लावायची. मग पुढचे दिवस घरोघर हिंडून राहिलेली लेकरं शोधायची. काम सोपं. पण कुठूनशी अफवा आली की हे थेंब पाजलेल्या लेकरांना पुढे मूलच होत नाही. सरकारला नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं मिळेनात, म्हणून आता मुळापासूनच बंदोबस्त सुरू केलाय. आणि लोकांना तरी काय म्हणू? ऑपरेशनला बायका गोळा करायला त्याच दारांत, त्याच पिशवीसकट, मीच तर जात होते!

आप्पांनी तेच बरोबर पकडलं. "मागच्या साली तुमी म्हनून राह्यल्त्या, लेकरं बंद करा. यंदा म्हनता, लेकरं जगवा. सरकारचं एक काय ते ठरू द्या, मंग या." आणि आत वळून, "मंदे, बाईला च्या टाक."

मंदा त्यांची सून. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला मूल नव्हतं. नवस झाले, औरंगाबादच्या डॉक्टरांच्या चकरा झाल्या, लोकांचं बोलून झालं, आणि मग सोनी जन्मली. तेव्हा दीड-दोन वर्षांची असेल. आप्पांचं धोतर धरून दिवसभर त्यांच्यामागे हिंडायची. आप्पा शेतात तर ती शेतात, आप्पा मारुतीच्या पारावर तर ती पारावर. मंदाने एकदा नळावर मला हळूच सांगितलं, "बाई, मी चोरून आनली असती. पन आप्पांच्या धोतराला चिकटलेली पोर आनू कशी? धोतरासकट आनावं लागंल."

खरं सांगते, मला सोनीची काळजी होती. परतूरला असताना एक पोलिओ झालेलं लेकरू मी पाहिलं होतं. आईच्या कडेवर, दोन्ही पाय नुसते लोंबत असलेलं. आई बाजारात भाजी घेत होती आणि ते टोपलीतल्या टमाट्याकडे हात करून खिदळत होतं. तेव्हापासून धावणारं पोर दिसलं की मी उगाच त्याचे पाय बघते. आणि ही सोनी, इतक्या नवसाची, बिनडोसाची, माझ्या डोळ्यांसमोर दुडूदुडू पळत होती! तिच्यामागे आख्खी गल्ली अडली होती. कुठेही जा, एकच प्रश्न. "आप्पांनी पाजलं का? मंग पाजू."

मी हटले नाही. माझा स्वभावही काही साखरेचा नाही. मी म्हटलं, "आप्पा, माझ्या स्वतःच्या मुलाला मी पाजलंय. तुमच्यासमोर पाजते पुन्हा, चला."

आप्पांनी विचार केला. ते नेहमी विचार करत, नाही म्हणायचं असलं तरी. "तुमचं पोरगं आता चार वर्षांचं. त्येला पोरं व्हत्यात का न्हाई, हे कळाया अजून वीस वर्षं. मी थांबतो. वीस वर्षांनी या, बाई. मी हो म्हनीन."

मग एक दिवस मला बैल आठवले. लाळ्या-खुरकताची लस टोचायला ढोरांचा डॉक्टर आला होता, तेव्हा आप्पांनी आपली बैलजोडी सगळ्यात आधी उभी केली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी ओसरीवर चढता चढताच विचारलं, "बैलांना सुई चालते, आणि नातीला दोन थेंब चालत नाहीत? बैलावर भरोसा, पोरीवर नाही?"

आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, बैलाला कुठं लेकरं व्हायचीत?"

कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी चहा प्याले आणि निघाले. पण जाता जाता गोठ्याकडे नजर गेली आणि मी थबकले. "आणि गाय? गायीला टोचलं का?"

"गाय सोयऱ्याकडं गेल्ती तवा," आप्पा म्हणाले.

गाय सोयऱ्याकडे! बाळंतपणाला गेली असावी माहेरी! नंतर कौसाबाईकडून कळलं ते असं. गाय गाभण होती. सुई दिली तर गाभडेल, आणि नाही गाभडली तर पुढे फळणार नाही, असा आप्पांचा हिशेब. म्हणून डॉक्टरची मोटरसायकल दिसताच त्यांनी तिला घरामागे कडब्याच्या गंजीआड नेऊन बांधलं होतं. ज्यांना लेकरं व्हायची नाहीत त्यांना टोचायचं, ज्यांना व्हायची त्यांना लपवायचं. माणूस आपल्या तर्काला पक्का होता, हे मानलंच पाहिजे.

पुढच्या फेरीला आम्ही घरोघर निघालो, तेव्हा सोनीही सोयऱ्याकडे गेली होती. "मामाकडं हाये," आप्पा म्हणाले. मंदा जमिनीकडे बघत उभी. इतक्यात घरामागून गाय हंबरली आणि पाठोपाठ बारीक आवाजात कोणीतरी तिची नक्कल केली. पुन्हा गाय हंबरली. पुन्हा नक्कल, आणि वर खिदळणं.

"मामा गंजीमागंच ऱ्हातो का?" कौसाबाईने विचारलं.

आप्पांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "मंदे, च्या टाक. पोहेबी कर."

नियमाप्रमाणे आम्ही राहिलेल्या घराच्या दारावर खडूने फुली मारून निघालो. तर संध्याकाळी आप्पा स्वतः उपकेंद्रात हजर, सोनी खांद्यावर. "माझ्या दारावर फुली? घर काय पाडायचंय का तुमच्या सरकारला?" मी म्हटलं, डोस पाजा, लगेच पुसते. आप्पांनी सोनीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मी तोरन लावतो तिच्यावर." आणि खरंच लावलं. आंब्याच्या पानांचं. येणारे-जाणारे विचारत, आप्पा, काय सण? आप्पा म्हणत, बाई येऊन गेल्या.

मग लाळ्या-खुरकत आली. शेजारच्या गावातून, बाजारातून, कशी आली कोण जाणे. पण आली ती गावभर पसरली. जी जनावरं टोचून घेतली होती ती सहसा वाचली. आप्पांच्या गोठ्यात एका दावणीला बैलजोडी निवांत रवंथ करत उभी, आणि शेजारीच गाय तोंडातून लाळ गाळत, खुरांतल्या जखमांनी एकेक पाय उचलून झटकत. तिला चारा खाता येईना. आप्पा तिच्यापाशी बसून वाटीवाटीने आंबील पाजायचे, खुरं औषधाच्या पाण्याने धुवायचे. मंदा नळावर म्हणाली, आप्पाच दोन घास खाईनात.

या दिवसांत मी त्यांच्या घरी मुद्दामच गेले नाही. बोलायला तोंडात खूप होतं, आणि माझं तोंड मला माहीत आहे. कौसाबाई म्हणाली, "आता जावा की बाई, आता तर बोलायची पाळी तुमची." मी म्हटलं, गायीचं दुखणं चाललंय त्या घरात. आत्ता नको.

गाय वाचली. वासरूही झालं, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा असलेलं. पण तिचा मागचा एक खूर वाकडाच राहिला. पाण्यावर जाता-येता ती लंगडायची, आणि एके सकाळी मी पाहिलं ते आठवलं की अजून हसावं की रडावं कळत नाही. गाय पुढे लंगडत चालली होती. तिच्यामागे आप्पा. आणि आप्पांच्या मागे सोनी, गायीची हुबेहूब नक्कल करत, एक पाय ओढत ओढत, खिदळत. आप्पांनी मागे वळून पाहिलं. त्यांनी सोनीला असं झपकन उचललं की पोर भेदरून रडायलाच लागली. "आसं चालू न्हाई, बाळा," ते म्हणत होते, "आसं बिलकुल चालू न्हाई." मी रस्त्याच्या या बाजूला उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि ते घराकडे वळले.

पुढचा पोलिओ रविवार. मी शाळेत पोचले तर व्हरांड्यात टेबल लागायच्या आधीच आप्पा पायरीवर बसलेले. परीटघडीचं धोतर, डोक्यावर नवी टोपी, मांडीवर सोनी, आणि मागे गल्लीतल्या बायका आपापली पोरं घेऊन. मी कौसाबाईला म्हटलं, "आप्पांना चहा आण गं."

"च्या नको!" आप्पा केवढ्यानं तरी ओरडले. "आज च्याचं नाव काढू नका. द्या जल्दी."

सोनीने तोंड घट्ट मिटलं होतं. आप्पांनी तिच्यासमोर स्वतःचा जबडा उघडून दाखवला, तिने हसून आ केला, आणि मी थेंब सोडले. आप्पा ते पडताना निरखून बघत होते. "दोनच पडले ना?" "दोनच, आप्पा." "बराबर." मग सोनीच्या करंगळीला शाई लावल्यावर त्यांनी आपलीही करंगळी पुढे केली. मी म्हटलं, ही शाई फक्त लेकरांना लावतात. ते म्हणाले, "लावा. गल्लीत कोनी इचारलं तर काय दाखवू?" मी लावली. काय करता!

आणि मग आप्पा सुटले. नाही म्हणताना जो उत्साह होता, तोच आता उलटा फिरला. प्रत्येक फेरीला ते आमच्या पुढे. दिसेल त्या पोराचा हात धरून करंगळी तपासायचे. एकदा फाट्यावर एस.टी. उभी करून ते आत चढले आणि पाहुण्या लेकरांच्या करंगळ्या बघितल्याशिवाय कंडक्टरला घंटी मारू देईनात. कोणाच्या घरी गेल्यावर त्या घरच्या बाईने चुलीकडे वळायचा अवकाश, आप्पा गरजायचे, "खबरदार! च्या ठेवायचा न्हाई. आधी लेकरू आना." घरात पोर लपवलेलं असेल तर त्यांना बरोबर कळायचं. ते सरळ घरामागच्या गंजीकडेच जायचे.

मला त्यांच्या घरचा चहा मात्र बंद झाला. कितीही दमून जा, उन्हाने जीव कासावीस होऊ दे, आप्पा पाणी द्यायचे, गूळ द्यायचे, शेंगा द्यायचे. चहा नाही. मी एकदा चिडून म्हटलंही, आप्पा, आता तर तुमचं-माझं भांडण मिटलं, घोटभर चहा तरी पाजा. ते हसले. "तुमाला आता न्हाई म्हनायचंच काय हाये, बाई?"

काही वर्षांनी माझी बदली झाली, परतूरकडे. सामान टेम्पोतून आधीच गेलं होतं. मी निरोप घ्यायला आप्पांकडे गेले. ते थकले होते, ओसरीवर खांबाला टेकून बसलेले.

"बदली रद्द व्हत न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, आप्पा. आदेश निघाला. आता गेलंच पाहिजे मला. आशीर्वाद द्या."

आप्पांनी गोठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आत हाक मारली.

"मंदे, बाईला च्या टाक."

मंदा दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसतच आत गेली. कौसाबाई पायरीवर बसली होती, तिने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने सोनीच चहा घेऊन आली. शाळेत जायला लागली होती आता. दारातून पळतच आली, अर्धा चहा बशीत सांडत. मंदा आतून ओरडली, "अगं हळू! पडशील!"

"पळू दे तिला," आप्पा म्हणाले.

मी चहा प्याले. तोच गुळाचा, तोच दाट. फाट्यावर एस.टी.चा हॉर्न ऐकू येत होता. मी उठायला लागले तशी आप्पांनी सोनीला खूण केली.

"पोहेबी आनू का?" तिने विचारलं.

"पोहे न्हाई!" आप्पा दचकून म्हणाले. "पोहे बिलकुल न्हाई. नुसता च्या आन अजून."

आणि माझ्या हातातला रिकामा कप त्यांनी काढून तिच्याकडे दिला.