स्टिकरपुरते सभासद

हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर मी घरात बसून नवऱ्याशी थर्मोस्टॅटवरून वाद घालायचे. हे फार काळ चालणार नाही हे दोघांनाही कळत होतं. म्हणून मी मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून पाऊण तासावरच्या एका गावातल्या छोट्या आर्ट म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून जायला लागले. मंगळवार आणि गुरुवार.

लाकडाच्या व्यापारात गबर झालेल्या कुणाचं तरी ते दुमजली घर होतं. सात खोल्या. खाली तळ्यांची आणि बर्फाची चित्रं, वर मातीची भांडी, आणि एका खोलीत शेतावरच्या बायकांनी शिवलेल्या जुन्या गोधड्या. मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करून आलेली मी, चित्रांतलं मला काय कळणार? पण सगळं आयुष्य मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात गेलेलं, त्यामुळे एकाच गोष्टीकडे बराच वेळ बघत राहायची सवय होती. तिथे तेवढी पुरायची.

माझं काम मात्र चित्रांचं नव्हतंच. मागच्या ऑफिसात बसून सभासदांच्या कार्डांवर स्टिकर चिकटवायचे, कार्ड पाकिटात घालायचं, पाकीट ट्रेमध्ये टाकायचं.

या स्टिकरबद्दल सांगायला हवं. म्युझियमांची आपसात एक सोय असते. तुम्ही एका म्युझियमचे जरा वरच्या पायरीचे सभासद झालात की कार्डावर एक छोटा गोल स्टिकर मिळतो. तो दाखवला की त्या साखळीतल्या देशभरातल्या म्युझियमांत तिकीट न काढता आत जाता येतं. कल्पना वाईट नाही. आपल्या गावातल्या म्युझियमवर ज्याचं प्रेम आहे, त्याने प्रवासात दुसऱ्यांचंही बघावं. ज्याने कुणी ही सोय काढली त्याला माणसांची फारशी पारख नसावी, एवढंच.

कारण माझ्या ट्रेमधली पाकिटं आमच्या गावात जातच नव्हती. जर्सी सिटी, फ्रीमाँट, टेक्सास, परत जर्सी सिटी. आणि त्यातली कितीतरी आडनावं अशी, की वाचूनच मूळ गाव कोल्हापूरकडचं की विदर्भातलं ते मला सांगता आलं असतं. सुरुवातीला मला भाबडेपणाने अभिमान वाटला. म्हटलं, आपली माणसं किती रसिक! मिशिगनच्या आडगावातल्या म्युझियमलाही हातभार लावतात.

मग एक दिवस आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज फॉरवर्ड केला. त्यात आमच्या म्युझियमचं नाव होतं. लिहिलं होतं की देशातली सगळ्यात स्वस्त स्टिकरवाली मेंबरशिप ही. मोठी म्युझियम्स जवळपासच्या गावातलं कार्ड चालवून घेत नाहीत, त्यामुळे न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी न्यू जर्सीचं कार्ड घेऊन उपयोग नाही, मिशिगनचं घ्यावं, मग मॅनहॅटनमध्येही चालतं. आणि शेवटी: "तिकडे जायची गरज नाही, सगळं ऑनलाइन होतं. शेअर करा." खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग.

तिकडे जायची गरज नाही. ते वाक्य मला जे झोंबलं, ते अजून झोंबतं. दोन पगारांची घरं ही, दारात टेस्ला. आणि हुशारी कसली, तर एका गरीब म्युझियमच्या खांद्यावर पाय देऊन श्रीमंत म्युझियममध्ये फुकट कसं शिरायचं याची. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण यांना पचनाचाही प्रश्न नव्हता. ही माणसं काही बघायचीच नाहीत.

आमची मेंबरशिप मॅनेजर तिशीतली गोरी मुलगी होती, उत्साही. तिने भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावला होता आणि सभासद जिथे असतील तिथे रंगीत टाचण्या टोचायची. एके दिवशी ती म्हणाली, "बघ ना, आपण आता नॅशनल म्युझियम झालो!"

"यातले आत किती जण आले?" मी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही. दे सपोर्ट अस."

आत कुणी येत नव्हतं हे तिच्यापेक्षा आमच्या गार्डला जास्त माहीत होतं. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा होता तो. येणाऱ्या माणसांची मोजणी करायला त्याच्या हातात एक क्लिकर असायचं. कंटाळा आला की तो मलाच दोनदा मोजायचा. गोधड्यांच्या खोलीत थांबून तो मला दाखवायचा, या बाईने इथे धागा संपला म्हणून निळ्याच्या जागी करडा वापरलाय, बघ. मेंबरशिप मॅनेजरला तो करडा धागा माहीत नव्हता. तिच्याकडे टाचण्या होत्या.

एका जुलैत ऑफिसचा फोन वाजला. जर्सी सिटीहून एक बाई, इंग्रजीत तावातावाने. कार्ड रिन्यू करून तीन आठवडे झाले, अजून आलं नाही, आम्ही शिकागोला निघालोय, धिस इज अनॲक्सेप्टेबल. मी नाव सांगून माफी मागितली.

"अय्या, तुम्ही मराठी?" आवाज एकदम मऊ झाला. "काकू, मग तुम्हीच करा ना काहीतरी. आजच पाठवा. आम्ही चार वर्षं तुमचे मेंबर आहोत."

"पाठवते. आणि कधी इकडे आलात तर म्युझियम बघायला या."

"हो, नक्की. तुमच्याकडे काय असतं बघण्यासारखं?"

"चित्रं आहेत. भांडी, गोधड्या."

"नाही, म्हणजे फेमस असं काही?"

चार वर्षं सभासद असलेल्या बाईने हे विचारलं. मी कार्ड त्याच दिवशी पाठवलं. नियमच होता तो, मेहेरबानी नव्हती.

आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती खरोखरच आली. त्यांची मुलगी ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत लागली होती, तिला सोडायला नवराबायको गाडीने आले होते. सोबत मुलगी होती, पण ती गाडीतून उतरलीच नाही. नवरा पन्नाशीचा, अंगात कुठल्याशा मॅरेथॉनचा टी-शर्ट. काउंटरवर येऊन त्याने हात पुढे केला.

"काकू! शेवटी भेटलो. तो मेसेज मीच लिहिला होता, माहितीये? तुमची अर्धी मेंबरशिप माझ्यामुळे आहे यार!"

तो हे कौतुकाच्या अपेक्षेने सांगत होता. मी म्हटलं, "असं होय."

त्याला दोन कामं होती. नवीन कार्ड हातोहात घ्यायचं, आणि सासूसासरे भारतातून येणार होते त्यांच्या नावाचं दुसरं कार्ड त्याच पैशात मिळतं का विचारायचं. बायकोला रेस्टरूमला जायचं होतं. रेस्टरूम पहिल्या खोलीच्या पलीकडे होतं, त्यामुळे तिला तळ्यांच्या चित्रांसमोरून जावं लागलं. ती गेली आणि आली. दोन्ही वेळा पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"छान आहे हो," ती म्हणाली. "शांत."

"आतही बघा ना," मी म्हटलं. "सातच खोल्या आहेत. अर्ध्या तासात होतं."

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. "पार्किंगच्या मीटरमध्ये वीसच मिनिटांचे पैसे टाकलेत काकू. आणि उद्या डेट्रॉइटचं मोठं म्युझियम करायचंय, आज एनर्जी वाचवतो."

म्युझियम करायचंय. आपल्याकडे लोक चारधाम करतात, यांनी म्युझियम करायला घेतली. पण चारधाम करणारा निदान देवळाच्या आत जातो.

"तुम्ही पाच वर्षं सभासद आहात," मी शेवटी म्हटलं. "एकदाही आत आला नाहीत. आज दारात उभे आहात आणि आजही येत नाही."

तो हसला. मी विनोद केलाय असंच त्याला वाटलं. "नेक्स्ट टाइम पक्का. चार वर्षं मुलगी इथेच आहे." मग मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाहेरच्या पाटीसमोर आमचा एक फोटो काढता? ग्रुपवर टाकतो." मी फोटो काढला. दोघं पाटीला टेकून उभे होते, मागे दार उघडं होतं. गार्डने आतून मला विचारलं, "मोजू का त्यांना?" मी नको म्हटलं.

घरी येऊन मी नवऱ्यासमोर बराच वेळ आग पाखडली. तो जेवता जेवता एवढंच म्हणाला, "तुझ्याकडेही ते कार्ड आहेच की."

होतं. व्हॉलंटियर म्हणून मलाही स्टिकरवालं कार्ड मिळालं होतं, पण मी ते कधी वापरलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात भाचीकडे जर्सी सिटीला गेले तेव्हा सोबत घेतलं. भाची कामावर गेल्यावर मी ट्रेन पकडून मॅनहॅटनला गेले, एका मोठ्या म्युझियमच्या काउंटरवर उभी राहिले आणि कार्ड दिलं. काउंटरवरच्या पोराने ते उलटंपालटं केलं आणि शेजारणीला म्हणाला, "अनदर वन." तीही हसली.

मग त्याने मला अगदी गोड विचारलं, "तिथे कधी गेला आहात, मॅम?"

"मी तिथे काम करते."

त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्याचा विश्वास बसला नाही. माझ्यासारखीच दिसणारी, माझ्यासारखंच इंग्रजी बोलणारी किती माणसं तेच कार्ड घेऊन त्याच्यासमोर आली असतील! मी खरी आहे हे त्याला कशावरून कळावं? मला राग आला तो त्याचा नव्हे. माझ्या आधी येऊन गेलेल्या सगळ्यांचा, आणि त्यांच्यासाठी पाकिटं भरणाऱ्या माझाही.

पण खरी लाज पुढे आहे. त्या एका दिवसात मी तीन म्युझियम्स केली. होय, केली. पहिल्यातून अर्ध्या तासात बाहेर पडले, कारण दुसरंही फुकटच होतं. दुसऱ्यात एका मोठ्या चित्रासमोर उभी होते, आणि मनात हिशेब चालला होता की तिसरं पाचला बंद होतं. तिसऱ्यात तर पाय दुखले म्हणून बाकावरच बसून राहिले. संध्याकाळी भाचीने विचारलं, "काय काय बघितलंस?" मी तिन्ही म्युझियमांची नावं सांगितली. एकही चित्र सांगता आलं नाही.

हिवाळ्यात बोर्डाची मीटिंग झाली. सभासद कधी नव्हे इतके, आणि येणारी माणसं कधी नव्हे इतकी कमी. बोर्डातल्या शहाण्यांनी यातून निष्कर्ष काढला की गॅलरी रोज उघडी ठेवायची गरजच नाही. शुक्रवार ते रविवार पुरे. मेंबरशिपचं ऑफिस मात्र आठवडाभर चालू, कारण तिथे काम होतं. गार्डला काढलं. त्याने शेवटच्या दिवशी क्लिकर काउंटरवर ठेवलं, माझा हात हातात घेतला आणि गोधड्यांच्या खोलीतला पडदा दुपारी ओढून घ्यायला सांगितलं, ऊन थेट येतं म्हणून. मी मॅनेजरला म्हटलं, "हे चूक आहे. आपण म्युझियम बंद करून पाकिटांचं दुकान चालवतोय."

ती पहिल्यांदाच चिडली. "वरचं छप्पर गेल्या वर्षी कुणाच्या पैशातून झालं? त्या तुमच्या न येणाऱ्या लोकांच्या. नाहीतर त्या गोधड्या भिजल्या असत्या."

गोधड्या कोरड्या राहिल्या त्या त्यांच्यामुळे, हे मला कबूल करावं लागतं, आणि ते करताना तोंड कडू होतं.

वसंतात साखळीच्या मुख्य ऑफिसचं पत्र आलं. इतर म्युझियमांनी तक्रारी केल्या होत्या. यापुढे इतक्या स्वस्त मेंबरशिपवर स्टिकर देता येणार नव्हता. आमच्या मेंबरशिपची रक्कम दुप्पट झाली. पाकिटं थांबली. महिन्यामागून महिना रिन्युअलची पत्रं जात राहिली आणि उत्तरं येईनाशी झाली. मॅनेजरने नकाशावरच्या टाचण्या काढल्या नाहीत. एके दिवशी नकाशाच काढला.

मग जर्सी सिटीचा तो नवरा फोनवर आला. आधी थोडी कुरकुर केली, "हे म्हणजे आमच्यासारख्या लॉयल मेंबर्सवर अन्याय आहे काकू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही आतल्या आहात. अजून कुठलं स्वस्त आहे, सांगा ना."

मला माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांनाच माहीत होतं. ओहायोतलं एक छोटं म्युझियम, आमच्याहूनही छोटं, काचेच्या वस्तूंचं. त्याचे दर अजून वाढले नव्हते. मी त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. कितीतरी दिवस ते मनात तयार होते. पण मी थकले होते, आणि त्याला ते आज ना उद्या सापडणारच होतं.

मी नाव सांगितलं.

"थँक यू काकू! तुम्ही खरंच आपलं माणूस आहात," तो म्हणाला. त्याने माझा एवढा अपमान याआधी कधी केला नव्हता.

फोन ठेवून मी कॉम्प्युटरवर त्याचं नाव उघडलं आणि रिन्यू करणार नाही अशी नोंद केली. कारणाच्या रकान्यात निवडायला तीन पर्याय होते: स्थलांतर, असमाधान, इतर. मी 'इतर' वर क्लिक केलं. त्याच उन्हाळ्यात मी तिथे जाणं सोडलं.