गळ्यात पट्टी असलेला हंस

आता पोरं पक्षी मोजायला मोबाइल घेऊन येतात. बोट लावलं की नोंद गेली! मला उगीचच राग येतो त्याचा. आम्ही दोघं-तिघं हौशी मास्तर मंडळी इस्लामपुराहून मोटारसायकलवर निघायचो. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या तलावावर पोचेपर्यंत थंडीनं बोटं वाकडी व्हायची. पण काय सुख होतं त्यात!

तिथं एक म्हातारे मेंढपाळ मामा भेटायचे. एका हिवाळ्यात हंसांच्या थव्यात एकाच्या गळ्यात आकडे लिहिलेली हिरवी पट्टी दिसली. मी दुर्बीण मामांच्या हातात दिली.

"आमी मेंढराला रंग लावतो, तशी खूण हाय ही," ते लगेच म्हणाले. "मालक कुठं हाय ह्याचा?"

"मालक नव्हे हो मामा, अभ्यासक असतात. कोण, ते शोधायला लागेल."

"तेच ते. त्याला कळवा, तुझं जित्राब हितं सुखरूप हाय. बिचारा वाट बघत आसंल."

मी आकडे कळवले. पट्टी बांधणाऱ्या अभ्यासकाचं उत्तर थेट मंगोलियातून आलं. मामा इतके खूश झाले की बळंच दोन कप चहा पाजला. पुढं तीन हिवाळे तो हंस आला आणि दर वेळी मामांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "कळवलं न्हवं?"

पाचव्या हिवाळ्यात मामांचा पाय मोडला. मी दोन दिवस तलाव पिंजून काढला, पट्टीवाला काही दिसला नाही. मामांच्या घरी गेलो तर खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "आला का?"

मोजणीत एका पक्ष्याच्या फरकावरून सोबत्यांशी भांडणारा मी! पण त्यांचं तोंड बघून सरळ थाप मारली, "आला की! झकास आहे."

त्यांची सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

"आवं मास्तर, काल सांजच्याला, तुमी गेल्यावर, सुनंच्या स्कूटीवर बसून तळ्यावर जाऊन आलोय मी. प्लास्टरसकट. न्हाई आला त्यो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"माझं ऱ्हाऊ द्या. पर त्या लांबच्या मानसाला मातुर आसंच सांगा. आला म्हनून."

खोटी नोंद मी जन्मात केली नसती. तरी त्यांना "व्हय" म्हटलं, आणि बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहून रडलो.