बदलीची फुप्फुसं

गिरणीचे डॉक्टर बाबांच्या खोकल्याला विडीचा खोकला म्हणत. बाबांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. कापूस पिंजायच्या खात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, ती धूळच छातीत बसली होती. पण हे आम्ही घरातल्या घरात म्हणून काय उपयोग?

परळच्या एका प्रयोगशाळेत मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा तिथे नेमका याच धुळीवर शोध चालू होता. पैसा एका धर्मादाय प्रतिष्ठानचा. गिरण्यांचा संप सुरू व्हायच्या आधी आमच्या लोकांनी गिरण्यांत जाऊन कामगारांना एका यंत्रात फुंकायला लावलं होतं. छातीत किती दम उरलाय ते यंत्र सांगे. कामगार त्याला फुंकणी म्हणत. संप लांबला, गिरण्या बंदच राहिल्या, तशी त्याच माणसांना आम्ही पोस्टकार्डं टाकून परळला बोलावलं. धुळीपासून लांब राहून छाती सुधारली नाही, तर गिरणीनं दिलेलं हे दुखणं कायमचं आहे, असं ठामपणे सांगता आलं असतं.

आकडे आले ते भलतेच चांगले. बाबांचेसुद्धा. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही असा नियम होता, त्यामुळे त्यांना माझ्या सहकाऱ्यानं तपासलं होतं. आमचे सर खूश. कामगार बरे होतात असा निकाल प्रतिष्ठानला आवडणार, पुढचं अनुदान नक्की, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी लालबागच्या खोलीत बाबा भिंतीला टेकून धापा टाकत होते. मी चिडूनच म्हटलं, "तुमची छाती तर पैलवानासारखी आहे म्हणे!"

"ती तुझ्या काकाची गो," बाबा म्हणाले. "माका त्या दिवशी जिनो चढाक जमणां नाय होतां. मगे बदली धाडलंय. तुझ्या कामाचो खाडो नको. बाजूच्यांनीय तसांच केल्यानी."

मी कपाळावर हात मारला. गिरणगावात हीच शिस्त. आजारी पडलात, गावी गेलात, तरी जागा रिकामी ठेवायची नाही; आपल्या जागी बदली उभा करायचा. फसवणं कुणाच्या मनातही नव्हतं. ज्यांना धाप लागत होती त्यांनी धडधाकट भाऊबंद पाठवले, आणि ते बिचारे जीव खाऊन फुंकून गेले. मला राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी आकड्यांची वही मिटली. मग म्हणाले, "प्रतिष्ठानला सांगावं लागेल." गप्प राहिलो असतो तर अनुदान मिळालं असतं, आणि धूळ निर्दोष सुटली असती.

प्रतिष्ठानची कचेरी गिरगावात. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच आशाळभूत बसलेले, कुणी खेकड्यांच्या कवचांवर काम करणारे, कुणी ताऱ्यांवर. ताऱ्यांवाल्याला कुणी विचारत नव्हतं, की वर्षभरात तारे किती सुधारले. आमची पाळी आली. सरांनी सगळं सांगितलं. एक गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "म्हणजे ही फुप्फुसं नेमकी कुणाची, हे तुम्हालाच ठाऊक नाही." मी मध्येच बोलले, "जे आले नाहीत, तेच खरे आजारी आहेत हो!" त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

अनुदान संपलं. भांडायचं त्राण ना सरांत उरलं होतं, ना माझ्यात. यंत्र दुसरीकडे जाणार होतं. नेण्याच्या दिवशी दुपारी बाबा न सांगता आले. प्रत्येक मजल्यावर बसत, भिंत धरत. इस्त्रीचा शर्ट घातलेला. "आज मी स्वतः इलंय," म्हणाले.

मला सांगवेना. मी नळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटून, सगळा जीव गोळा करून फुंकलं. काटा जरासा हलला आणि परत बसला. एवढ्या खटाटोपात मिळालेला हा एकच खरा आकडा, आणि तो आता कुणालाच नको होता.

धाप ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "लागली ना गो हजेरी?"

"लागली, बाबा."