उद्या ओढायचं पान

पिंगळी स्टेशनावर गाडीची वाट बघताना मी रोज तिथल्या पॉइंट्समनबरोबर पत्ते खेळायचो. दोघांचा सात-आठ: एकानं सात हात करायचे, दुसऱ्यानं आठ; जास्तीचा हात झाला, की पुढच्या डावात समोरच्याचं एक पान ओढायचं. घरी कोण असतं असं मी विचारलं, की तो पानं वाटता वाटता म्हणायचा, "हुकूम बोला, गुरुजी."

खेळायला लय पक्का. पण लांबून गाडी दिसली, की हुकमाचं पान असूनही भलतंच टाकायचा आणि मला एक हात जास्त द्यायचा.

"जास्तीचा झाला तुमचा. आता उद्या येऊन माझं एक पान ओढा."

माझी बदली झाल्याचं मी सांगितलं, त्या दिवशी तो नीट खेळला. माझे आठ, त्याचे सात.

"बरोबर झालं. आता ओढायचं काई राहिलं न्हाई."

गाडीला अजून वेळ होता. तरी त्यानं पत्त्यांना रबर लावलं.