शबनम, वरातीची घोडी

शबनम गेली. माझ्या डोळ्यांसमोर गेली आणि मला काहीही करता आलं नाही.

माणूस गेला की लोक भेटायला येतात. घोडी गेली की बँकेतून फोन येतो, "मॅडम, आज सुट्टी कशाची?"

काय सांगू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शबनम म्हणजे दौलताबाद रोडच्या आमच्या रायडिंग क्लबची पांढरी घोडी. आधी खुलताबादला एका वरातवाल्याकडं होती. बँड लागला की पुढचे पाय आपटून नाचायची आणि वर नवरदेव जीव मुठीत धरून!

आमच्या कोचनी, जाधव सरांनी, तिला आणली आणि जाहीर केलं, "हिला ड्रेसाज शिकवायचं." म्हणजे आखून दिलेल्या चाली शांतपणे, तालात करायच्या.

सगळे हसले. मग मलाच तिच्यावर बसवलं. पस्तिशी उलटलेल्या बाईला.

"हा गोल व्हय, मॅडम? वांगं झालं हे! आतला पाय लावा. नजर पुढच्या वळणावर ठेवा."

जंपिंगला तर विचारूच नका.

"तिच्या आधी तुम्ही कशाला उडी मारताय? तिला मारू द्या की! तुम्ही नुसतं तिच्यासंगं जा. आन् उडीचा आडवा पोल बघू नका. खाली बघणारा खालीच जातो."

लई बोलणी खाल्ली. नवरा एवढं बोलला असता तर मी माहेरी निघून गेले असते.

पण खरा घोळ थांबण्याचा होता. ड्रेसाजच्या शेवटी मधोमध थांबून जजला सलाम करायचा. घोडी गप उभी पाहिजे.

आणि वरातीत थांबायचं कशाला? नाचायला!

मी सलाम केला की बाईसाहेब सुरू. जज तोंडावर हात धरून हसायचे.

ती सवय मोडायला लई दिवस गेले. थांबली की मान कुरवाळायची, चार पावलं पुढं, परत थांबवायची. गेल्या हिवाळ्यात स्पर्धेत ती पहिल्यांदा गप उभी राहिली.

सर कुंपणाबाहेरून ओरडले, "शाब्बास माझी वाघीण!"

मला वाटलं मला म्हणतायत. तिला म्हणत होते.

आज सकाळी समोरच्या लॉन्सवर लग्न होतं. बँड लागला. शबनम तबेल्यात पुढचा पाय आपटायला लागली.

सर म्हणाले, "बघा, आलं हिच्या अंगात! जित्याची खोड!"

आम्ही सगळे हसलो. मी मोबाईल काढून व्हिडिओ केला.

बँड थांबला. पाय थांबला नाही.

मग तिनं मान वळवून स्वतःच्या पोटाकडं बघितलं, आणि सरांचा चेहराच उतरला.

"अरे देवा. पोट दुखतंय हिचं."

घोड्याला ओकता येत नाही हो. पोटात काही अडकलं की नुसतं सोसायचं. आम्ही तिला चालवत राहिलो, लोळू दिलं नाही. डॉक्टर आले. इंजेक्शनं झाली, नाकातून नळी घातली.

शेवटी म्हणाले, "आतड्याला पीळ पडलाय. ऑपरेशन लागेल, इथं सोय नाही. पुण्यापर्यंत टिकणार नाही ही."

तरी मी ओळखीपाळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. कुणाकडं गाडी मिळते का, कुणी सर्जन येतो का. तोवर ती खाली बसली. सगळं अंग घामानं भिजलेलं.

डॉक्टर म्हणाले, "आता हाल करू नका तिचे."

"सर, काहीतरी सांगा ना! काय करू मी आता?" मी ओरडलेच. इतकी वर्षं हाच माणूस मला सांगत आला, टाच खाली घ्या, पाठ सरळ ठेवा, हे करा, ते करू नका.

सर म्हणाले, "काय करणार पोरी. डोकं धर तिचं. बस."

मी धरलं. डॉक्टरांनी सुई दिली.

नंतर डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता.

फार नसता. म्हणजे थोडा पडला असता का? मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

क्लबच्या ग्रुपवर सगळे तिचा फोटो मागतायत. माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर सकाळचा व्हिडिओ आहे. बँड वाजतोय, ती पाय आपटतेय, आणि मागून माझं हसणं ऐकू येतंय.

तो टाकवत नाही. डिलीटही करवत नाही.

शबनम, जा बाई. दुखत होतं ना तुला? आम्हाला नाच वाटला गं.